मलप्पाचा रंधा

२९ ऑगस्ट

भंगार न्हाई ते. बिडाचं रंधा मशीन हाय, लाकूड तासायचं. बिडाला वरून कितीबी गंज चढला तरी आतून ते मरत न्हाई. मला कुणी विचारलं न्हाई हे खरं, पण टेम्पोतून उतरवताना विष्णुपुरीची आमची गल्ली ज्या नजरेनं बघत होती त्या नजरेला हे उत्तर हाय. शेषेराव मोटरवाला तर म्हणाला, "मामा, म्हशी विकल्या अन् गोठ्यात हत्ती बांधला का?" हस म्हणलं.

लिहून ठेवून राहिलो, कारण बायको, सिंधु, नंतर म्हणते तुम्ही असं बोललाच न्हाईत. आता कागदावर राहील.

सत्यमसाठी आणलं. सरळ गोष्ट हाय. पोरगा पुण्याकडं फर्निचरच्या कारखान्यात होता. शिमग्याच्या सुमारास असल्याच मशीनमधी त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. जखम भरली, पण तवापासून भिंतीकडं तोंड करून पडून राहतो. अंघोळ केली तर केली. नांदेडचा डॉक्टर म्हणतो वेळ द्या. किती, ते सांगत न्हाई. एवढं धडधाकट पोर असं पडून राहिलं तर एक दिवस उठायचंच विसरंल. कारखान्यात होता तवा दर सुट्टीला म्हणायचा, बाबा, घरी एक रंधा असता तर पुण्याचं तोंड बघितलं नसतं. मग आणला रंधा. याच्यात माझं काय चुकलं ते कुणीतरी सांगावं.

सिंधु म्हणाली, "ज्यानं बोटं खाल्ली तेच घरात आणलं?"

ते न्हाई हे. ते पुण्याला हाय. हे उदगीरचं.

३० ऑगस्ट

काल उदगीरचं लिहायचं राहिलं.

मलप्पा म्हणून एक होते, त्यांचा दारं-खिडक्याचा कारखाना. ते गेले अन् शेडला कुलूप लागलं. पोरगा विरूपाक्ष मोबाइलचं दुकान चालवतो, त्याला शेड भाड्यानं द्यायचंय. आत गेलो तर कोंबड्या मशीनवर बसलेल्या, खालच्या पोटात कुंभारमाशीची घरं, पट्टा उंदरानं खाल्लेला. पण रूळ हातानं ढकलला तर फिरला. या मशीनमधी गोल लोखंडी रूळ असतो, त्याला पाती बसवलेली. रूळ गरगर फिरतो अन् वरून लाकूड सरकवायचं. रूळ फिरला म्हणजे जीव हाय.

रुळाच्या टोकाला बेअरिंगचं टोपण असतं, त्याच्यावर हळद-कुंकवाचा थर होता, खापरासारखा जाड. दर खंडे नवमीची पूजा त्याच्यावरच, कधी पुसलंच न्हाई.

विरूपाक्षची आई दारात येऊन उभी राहिली. तिला समदे अव्वा म्हणतात. मला म्हणाली, "तुमच्याकडं लाकूड हाय का?"

"आणू की."

"आणा. त्यांना रिकामं उभं राहायला आवडत न्हाई."

मला वाटलं मशीनचं बोलून राहिली. मग म्हणते, "अन् खंडे नवमीला फिरवू नका. त्या दिवशी ते हात लावू देत न्हाईत."

विरूपाक्ष माझ्या कानाजवळ येऊन म्हणाला, "काका, ध्यान देऊ नका. अव्वा अजून दोन कप चहा टाकते."

असल्या बोलण्यात मी पडत न्हाई. टेम्पोवाला घाई करून राहिला होता.

८ सप्टेंबर

डिझेल, तारेचा ब्रश, विटेचा तुकडा. हात सोलले पण खालून बीड निघालं, भांड्यावाणी. टोपणावरचा हळदीचा थरबी खरवडून काढला. सिंधु म्हणाली समदा नका काढू, एखादं बोट तरी ठेवा. मी म्हणलं मशीन दुरुस्त करून राहिलो का देव्हारा.

टेबलाच्या डाव्या कडेला एक जागा खोलगट झालेली हाय, गुळगुळीत. पहिल्यांदा वाटलं ओतकामातच तशी असंल. मग समजलं, तिथं मलप्पाचा तळवा टेकत असणार. हातानं लोखंड झिजलं. माझा हात ठेवून बघितला, नीट बसला न्हाई. माणूस माझ्याहून उंच असावा.

सत्यम आज गोठ्याच्या दारापर्यंत आला. एवढ्या महिन्यात पहिल्यांदा. उंबऱ्याबाहेर उभा राहून बघत राहिला अन् म्हणाला, "बाबा, गार्ड कुठंय?"

रुळावर झाकण असतं, बोटं वाचवायला, त्याला गार्ड म्हणतात.

"बसवू मग. आधी हात तर लाव."

गेला परत. तोंड उघडलं तर गार्ड म्हणे.

२० सप्टेंबर

मोटरीची तार शेषेरावनं नव्यानं भरून दिली. बेअरिंग अन् पट्टा जुन्या मोंढ्याच्या बाजारातून नवे आणले. गणपती बसले कालच, म्हणून आज नारळ फोडून चालू करायचं ठरवलं.

सत्यमला हाक मारली. आला न्हाई. दोनदा मारली. मग गेलो अन् दंडाला धरून आणला. आता याला कुणी जबरदस्ती म्हणेल. लहानपणी विहिरीत पोहायलाबी असाच ढकलला होता, आता मासा हाय.

बटण दाबलं. पहिल्यांदा मशीन घुरघुरलं, मग आवाज चढत चढत शिट्टीवाणी झाला. मला लई बरं वाटलं. मी वळून बघितलं तर पोरगं पांढरं पडलेलं. म्हशीच्या दावणीत ओकलं. उजवा हात काखेत दाबून धरला होता, कुणी ओढून नेऊन राहिल्यावाणी.

मी बोललो. शेषेरावसमोर बोललो. काय बोललो ते लिहीत न्हाई, सिंधुला पाठ हाय.

२६ सप्टेंबर

मी गोठ्याकडं निघालो की त्याच्या खोलीचं दार लागतं. एवढंच.

४ ऑक्टोबर

सोयाबीन काढायला आलं. आम्ही दोघं दिवसभर शेतात, दिवस बुडता बुडता परत. मशीनवर गोणपाट टाकून ठेवलंय, बघायला सवड न्हाई.

आज हातपाय धुतल्यावर सहज गोठ्यात गेलो. गोणपाटाखाली हात घातला, बेअरिंगवर. गरम.

वर पत्रे हायेत. दिवसभर ऊन खातात. दुसरं काय असणार.

९ ऑक्टोबर

आज दिवसभर आभाळ होतं. उन्हाचा एक कवडसा न्हाई. शेतात सगळे घाबरून काढणी उरकून राहिले.

बेअरिंग गरम होतं. मी तळवा ठेवून उभा राहिलो. म्हशीच्या पोटावाणी गरम.

खालची जमीन झाडलेली होती. आमच्यात गोठा कोण झाडतं आता? सिंधुला विचारलं, म्हणाली मी कशाला झाडू. मग कपडे धुवायला घेतले तिनं, अंधारात. म्हणलं उद्या धू की. ऐकलं न्हाई.

१२ ऑक्टोबर

रुळावर गार्ड बसवलेला. लाकडी, वर-खाली होणारा, मागं स्प्रिंग. मी शेतातून आलो तर होता. काम सफाईचं हाय. शेषेरावनं बसवून दिला असणार, पैसे नंतर मागंल. न सांगता लोकांच्या गोठ्यात शिरायची त्याची सवय जुनीच हाय.

सत्यम आज दुसरी भाकर मागून जेवला. दाढीबी केली. सिंधुनं त्याच्याकडं बघितलं अन् लगेच माझ्याकडं, मग ताटात बघत बसली. बायकांना आनंदबी चोरून करायची सवय असते. डोक्यात कोंडा झालाय म्हणून तिनं त्याच्या केसाला तेल लावून दिलं. पिवळसर कोंडा. लाकडाचा वास येऊन राहिला होता पोराला, पण आता आख्ख्या घरालाच तो वास हाय.

१५ ऑक्टोबर

घट बसले.

विरूपाक्षचा फोन आला. काका, अव्वा मागं लागलीय, एक मिनिट बोला म्हणे. तिनं फोन घेतला.

"तिकडं आले का?"

"कोण?"

"इकडं आता येत न्हाईत. चहा उरून राहिला."

मी म्हणलं राँग नंबर. तिनं ऐकलंच न्हाई. म्हणाली, "त्यांना पोरं शिकवायला आवडतात. नवं पोर दिसलं की सोडत न्हाईत."

फोन बंद केला. मी भीत न्हाई. किनवटच्या जंगलात लाकडाच्या गाडीवर एकटा झोपलेला माणूस हाय मी. पण माझ्या घरात एक नवं पोर हाय, हे त्या म्हातारीला कुणी सांगितलं? मी न्हाई सांगितलं.

सांगितलं असेन. टेम्पो भरताना काहीबी बोलतो माणूस.

२३ ऑक्टोबर, खंडे नवमी

सकाळीच मशीनची पूजा केली. सिंधुचा आग्रह. मीबी यंदा न्हाई म्हणलो न्हाई. रुळावर हळद-कुंकवाची बोटं ओढली, झेंडूचा हार वरून घातला, कोयता-विळे पुढं ठेवले. मग आम्ही दोघं जीपनं माहूरला गेलो. घटाच्या दिव्याला तेल घालायला कुणीतरी घरी पाहिजे म्हणून सत्यम राहिला. तसंबी तो कुठं जाऊन राहिला होता.

गर्दी लई. दर्शन घेऊन परत येईपर्यंत दिवेलागण झाली. दिवा तेवत होता. पोरानं तेवढं केलं म्हणून बरं वाटलं.

मग गोठ्यात गेलो.

हार खुंटीला टांगलेला. कोयता-विळे बाजूला, ओळीनं. रुळावर मी ओढलेली हळदीची बोटं न्हाईत. त्यांच्या जागी पिवळा पट्टा, रुळाच्या अंगभर, फिरून फिरून पसरलेला. तळवा ठेवला. गरम.

आज कुणी हात लावत न्हाई. आज लोहारसुद्धा भाता ओढत न्हाई. आमच्या आख्ख्या पंचक्रोशीत आज कुणी हत्यार उचलायचं न्हाई, हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मग कुणी फिरवलं? ज्यानं हयातभर आज मशीनला विसावा दिला, तो स्वतःच आज फिरवतो म्हणजे चिडलाय. मीच त्याची हळद खरवडली.

हे मी लिहिलं खरं. उद्या खोडीन.

सत्यमला विचारलं, "कुणी आलं होतं का रे?"

"न्हाई."

"आवाज आला का कशाचा?"

तो माझ्याकडं बघत राहिला. ओठ हलले. मग म्हणाला, "कशाचा?"

"कशाचा न्हाई. झोप."

२४ ऑक्टोबर, दसरा

शेषेराव सोनं द्यायला आला. पाया पडला. मी म्हणलं गार्डाचे किती झाले, सांगून टाक.

"कसला गार्ड, मामा?"

"मशीनवर बसवला तो."

"मी न्हाई बसवला. आईची आण. मी तर गौरीपासून तुमच्या गोठ्यात आलो न्हाई." मग गोठ्यात जाऊन वाकून बघितलं अन् म्हणाला, "ज्यानं केलंय तो पक्का कारागीर हाय बघा."

आपट्याची पानं माझ्या हातातच राहिली.

२८ ऑक्टोबर

चार रोजापासून शेतात गेलो न्हाई. गोठ्यात खाट टाकून बसतो. काय असंल ते समोर येऊ द्या. काही येत न्हाई. बेअरिंग गार. मी बसलो की मशीन गरीब होतं.

पण सत्यम पडला. परत भिंतीकडं तोंड. काल अर्धी भाकर, आज तीबी न्हाई. मी खाटेवरून त्याच्या खिडकीकडं बघतो अन् तो खिडकीतून गोठ्याकडं बघत असतो. मी बघितलं की पालथा होतो.

आता समजलं मला. मशीन गरम असलं की पोरगं खातं-पितं, हसतं. मशीन गार पडलं की पोरगं गार पडतं. धरलंय त्याला. आज खेळवतंय, उद्या नेईल. बोटं आधीच नेली.

सिंधु आली. "कामून बसून राहिले इथं? शेतात जा की."

"शेतात काय हाय आता?"

"काहीबी करा. बांध नीट करा. पण दुपारचं इथून उठा हो."

"तुला भ्या वाटतं का?"

तिनं कपाळाला हात लावला. "तुमच्याशी बोलायचं म्हणजे," म्हणाली अन् गेली. वाक्य पुरं करायची शिस्त न्हाई तिला.

३० ऑक्टोबर

सत्यम स्वतःहून म्हणाला, माय, मी येतो तुझ्यासंगं लातूरला. सिंधुच्या बहिणीच्या घरी वास्तुशांत हाय. पोरगं घराबाहेर पडतंय. डोळ्यात पाणी आलं, धुराचं.

अन् हीच वेळ हाय. दोन दिवस तो इथं न्हाई, त्याच्यावर काही येणार न्हाई. जे करायचं ते त्याच्या माघारी करायचं.

१ नोव्हेंबर

ते गेले. मी भंगारवाल्याला बोलावलं. दोन माणसं आणली त्यानं, घण घेऊन. मशीन आख्खं उचलत न्हाई, तुकडे करावे लागतील म्हणाला. बेअरिंगचं टोपण उघडून बघितलं अन् थांबला.

"मामा, हे तर चालू मशीन हाय. ग्रीस ताजं हाय. कामून तोडता?"

"तू घण मार."

"कुणी घेईल की हे. मी गिऱ्हाईक बघतो."

दुसऱ्याच्या घरात कुणाचं पोर असंल. मी न्हाई म्हणलं. घण मार.

पहिला घाव बसला तवा देवळातल्या घंटेवाणी वाजलं. मग न्हाई वाजलं, नुसतं फुटत गेलं. टेबलाची डावी कड, खोलगट जागेसकट, एकसंध निघाली. मला वाटलं तेवढी ठेवावी. न्हाई ठेवली. गार्ड लाकडी होता, तो चुलीत घातला. सागवान होतं. लई वेळ जळलं.

गोठा झाडून, शेणानं सारवून घेतला. पोराला आता मोकळं वाटंल.

२ नोव्हेंबर

संध्याकाळच्या गाडीनं आले. सत्यम पुढं, सिंधु मागं. पोरगं चांगलं चालत होतं, पायरीवरून उडी मारून आलं. हातात पेपरात गुंडाळलेलं काहीतरी होतं, उजव्या हातात. सरळ गोठ्याकडं गेला.

मी म्हणलं, "काढून टाकलं. सुटलास."

तो दारात उभा राहिला. ओल्या सारवणावर पाय टाकला न्हाई. ते पेपरातलं कोनाड्यात ठेवलं, पाय धुतले अन् खोलीत गेला. दार लावलं न्हाई. लावलं असतं तर बरं झालं असतं.

सिंधुनं पेपर उघडला. दोन नवी पाती, तेल लावलेली. पुडीत स्क्रू.

"जुनी बोथट झाली होती," ती म्हणाली. "लाकूड फाटून राहिलं होतं म्हणे. त्याच्यासाठीच लातूरला आला तो, वास्तूला न्हाई. दुकानात स्वतः बोलला. हात खिशात न घालता."

मला पहिल्यांदा समजलंच न्हाई. मग समजलं.

"तो चालवत होता?"

"आपण शेतात गेलो की."

"तुला ठाऊक होतं?"

"कपडे मी धुते त्याचे. खिशात भुसा निघायचा."

"अन् खंडे नवमीला?"

"त्या दिवशी घर दिवसभर रिकामं होतं. त्याला तेवढंच दिसलं असंल."

मी विचारलं, "मग मला सांगितलं कामून न्हाई?"

ती पाती परत पेपरात गुंडाळत होती. माझ्याकडं बघितलं न्हाई. म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही जाऊन शेजारी उभं राहिले असते."

४ नोव्हेंबर

भंगारवाल्याकडं गेलो होतो. गाडी भरून गेली म्हणाला, भट्टीला. कुठली भट्टी ते त्याला ठाऊक न्हाई.

दुसरं मशीन आणू का, असं सत्यमला दारातून विचारलं. "राहू द्या, बाबा," म्हणाला. रागानं न्हाई. राग असता तर मला बोलता आलं असतं.

९ नोव्हेंबर

दुपारचं जेवण झालं की शेतात जातो. सिंधु विचारत न्हाई. बांधावर बाभळीखाली बसतो, दिवस बुडेपर्यंत. घर रिकामं असावं एवढंच. रिकाम्या घरात त्याला काय करायचं ते करू द्या. तिथं करायला काही राहिलं न्हाई, हे मला समजतं. तरी बसतो.

वारा विष्णुपुरीकडून आला की शिट्टी येते. चढत चढत जाते, रंध्याची असायची तीच. धरणाचं काही असंल. कॉलेजच्या बाजूला कुणाचं बांधकाम असंल. काल उठून गावाच्या वाटेपर्यंत गेलो अन् परत फिरलो. जाऊन बघितलं अन् गोठ्यात कुणी नसलं तर? अन् कुणी असलं, तर मी पुन्हा शेजारी जाऊन उभा राहीन.

आज शेषेराव मोटरसायकलवरून जाताना थांबला.

"मामा, भर उन्हात काय करून राहिले इथं?"

"राखण."

त्यानं शेतावरून नजर फिरवली. सोयाबीन उठलेलं, नुसती ढेकळं. "कशाची?"

सांगितलं न्हाई त्याला. इथंबी लिहिणार न्हाई.